चार मिनिटांची फिल्म तडीस न्या: विद्यार्थ्यांसाठी एडिटिंग आणि पोस्ट-प्रॉडक्शनची वाट

एडिटिंग शिकायचं म्हटलं की बहुतेक मुलं आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करतात आणि यूट्यूबवरचे धडे बघत बसतात. त्यातून बटणं कळतात, पण कट कुठे मारायचा हे कळत नाही. ते कळतं आपणच शूट केलेल्या, थोड्या हललेल्या, आवाज बिघडलेल्या फुटेजशी झटापट करताना. म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: विषय छोटा घ्या, पण फिल्म पार शेवटपर्यंत न्या. रफ कटवर (पहिल्या कच्च्या जुळवणीवर) सोडलेल्या दहा फिल्मपेक्षा आवाज, रंग, सबटायटल आणि एक्सपोर्ट हे सगळं पार पाडलेली चार मिनिटांची एक फिल्म जास्त शिकवते. पोस्ट-प्रॉडक्शनमधल्या निम्म्या अडचणी पिक्चर लॉक (चित्रातले कट कायमचे ठरणं) झाल्यावरच समोर येतात, आणि अर्धवट सोडणाऱ्याची त्यांच्याशी कधी गाठच पडत नाही.

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना विषयासाठी लांब जावं लागत नाही. ज्या कामाला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे असं कोणतंही काम निवडा. माणसापेक्षा कामापासून सुरुवात करणं सोपं, कारण कामाचा क्रम आधीच ठरलेला असतो आणि तुमचं सगळं लक्ष कटवर राहतं.

पहिला सराव: बोलणं नाही, संगीत नाही

शेंगा चटणीवर ६० ते ९० सेकंदांची फिल्म करा. दाणे भाजणं, सालं काढणं, लसूण-तिखट-मीठ-जिरं घालणं, उखळात कुटणं, तेल सुटणं, वाटीत काढणं. साधारण १५ शॉट पुरतात. नियम तीनच: कोणी बोलायचं नाही, संगीत लावायचं नाही, दोन शॉटमध्ये साध्या कटशिवाय काही वापरायचं नाही. प्रत्येक शॉट मोबाइल स्थिर ठेवून किमान १० सेकंद घ्या. कृती सुरू व्हायच्या आधी दोन सेकंद आणि संपल्यावर दोन सेकंद रेकॉर्डिंग चालूच राहू द्या. कट जोडायला हीच जागा लागते, आणि नवखे लोक नेमकी तीच कापून टाकतात.

या सरावाचा जीव उखळात आहे. कुटतानाचा एक शॉट लांबून घ्या, एक अगदी जवळून. टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने लावायच्या पट्टीवर) लांबच्या शॉटमध्ये मुसळ वरून खाली निघालं की कट करा आणि जवळच्या शॉटमध्ये ते आदळायच्या चार-पाच फ्रेम आधीपासून सुरुवात करा. डोळा मुसळामागे धावत असतो, त्यामुळे कट दिसतच नाही. आता हाच कट मुसळ वर थांबलेलं असताना मारून बघा. लगेच टोचेल. मग दोन फ्रेम पुढे, दोन फ्रेम मागे सरकवत पाहा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, तरीही फरक जाणवतो. हालचालीवर कट करणं म्हणजे काय, हे अर्ध्या तासात हाताला समजतं.

दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याची जागा आणि माप दोन्ही बदलायला हवं. त्याच जागेवरून थोडंसं जवळ जाऊन घेतलेले दोन शॉट एकामागोमाग लावले की चित्र उडी मारल्यासारखं दिसतं. कोन किमान ३० अंशांनी बदला, किंवा वाइडवरून थेट क्लोजअपवर या.

दुसरा प्रकल्प: यंत्रमाग आणि एक मुलाखत

खरं शिक्षण इथे होतं, म्हणून यालाच जास्त वेळ द्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा शहराच्या पूर्व भागात एखाद्या चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्याची आधी परवानगी घ्या. मालकाची परवानगी वेगळी आणि कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या कामगाराची वेगळी. दोन्ही लेखी, मराठीत किंवा त्यांना वाचता येईल त्या भाषेत घ्या. त्यात फिल्म कुठे दाखवणार तेही लिहा. पहिल्या दिवशी कॅमेरा न घेता जा. कांडी (आडव्या धाग्याची नळी) कोण भरतं, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) कुठे चढवतात, धागा तुटला की काय करतात, माग बंद कधी असतात, हे टिपून ठेवा.

चित्राची पहिली अडचण दिव्यांची. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर आणि ऑटो शटरवर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड द्यायचा ते मोबाइलच ठरवतो) चालतो. दोन्ही जुळले नाहीत की चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे येतात, आणि ते नंतर काढणं जवळपास अशक्य. उपाय शूटिंगच्या वेळीच करायचा: २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये हे ठरवता येतं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केले की २५ फ्रेमचा पर्याय दिसतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर चालतं आणि शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळवणी) सगळं हाताने लॉक करू देतं. एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारा प्रकार) बंद ठेवा. नाहीतर साध्या टाइमलाइनवर तेच फुटेज पांढरटलेलं किंवा भगभगीत दिसतं आणि मुलं तासन्‌तास रंग दुरुस्त करत बसतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन येतं, खाली ट्यूब असते. कॅमेरा फिरला की शॉटच्या मध्येच चेहरा निळा-पिवळा होत राहतो. एकाच शॉटमध्ये बदलणारा रंग दुरुस्त करणं हे नवख्याचं काम नव्हे.

आवाजाची अडचण याहून मोठी. माग चालू असताना शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तिथे मुलाखत घेऊन ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज साफ करू’ म्हणणं म्हणजे फिल्म तिथेच हातची घालवणं. मागाचा खडखडाट आणि माणसाचा आवाज एकाच पट्ट्यात मिसळलेले असतात. एक काढायला गेलं की दुसराही जातो, आणि उरतो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. म्हणून मुलाखत जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना किंवा घरी घ्या. पंखा बंद करा, फ्रीज असेल तर परवानगी घेऊन तेवढा वेळ बंद करा आणि निघताना आठवणीने चालू करा. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावा. मोठा आवाज निघाला तरी मीटर -६ डेसिबलच्या वर जाऊ नये. साधं बोलणं -१८ ते -१२ च्या दरम्यान असावं. मुलाखत संपली की सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. दोन वाक्यं जोडताना मधे जी पोकळी पडते ती याच शांततेने भरायची असते. पोकळीत पूर्ण निःशब्दता टाकली तर ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर बंद पडला.

मागाचा आवाज वेगळा घ्या. मागाला मोबाइल चिकटवला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. एक रेकॉर्डिंग दारातून, एक चार-पाच पावलांवरून, एक बाहेरच्या रस्त्यावरून भिंतीआडून, प्रत्येकी दोन मिनिटं. बाहेरून येणारा दबका आवाज पुढे फार उपयोगी पडतो.

चार मिनिटांच्या फिल्मसाठी ४० ते ६० मिनिटांचं फुटेज भरपूर झालं. चार तास शूट करून आणणाऱ्याला काय हवं ते माहीत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

घरी आल्यावर आधी कॉपी, मग बाकी सगळं

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. त्या दाबल्या जातात आणि गेलेला तपशील परत मिळत नाही. केबलने किंवा ड्राइव्हने घ्या, अगदीच नाइलाज असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन वेगळ्या जागी कॉपी झाल्याशिवाय मोबाइलमधलं काही पुसू नका. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क, अशा दोन जागा. एकाच लॅपटॉपमधले दोन फोल्डर म्हणजे दोन जागा नव्हेत. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

जागेचा हिशेब आधी करा. १०८० च्या (फुल एचडी) फुटेजला मिनिटाला साधारण १२० ते १५० एमबी लागतात, ४के ला ३५० एमबीच्या आसपास. म्हणजे तासभर ४के साठी २० जीबीहून जास्त. पहिल्या दोन प्रकल्पांना १०८० पुरेसं आहे.

फोल्डर असे पाडा: फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, तारीख-ठिकाण-कॅमेरा-क्रमांक या क्रमाने द्या. काही साधनं देवनागरी नावांवर अडतात. आणि एडिट सुरू झाल्यावर फोल्डर हलवू नका, नावं बदलू नका. टाइमलाइनवर लाल पट्ट्यात ‘मीडिया ऑफलाइन’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, फुटेज गेलेलं नसतं. सॉफ्टवेअरला फक्त त्याचा पत्ता सापडत नसतो. रिलिंक करून नवा पत्ता द्या.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर फार वेळ घालवू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिट, रंग आणि आवाज तिन्हींना पुरते, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. तेही मोफत आहेत. पहिला सराव मोबाइलवरच्या एडिटरमध्येही होईल, पण दुसरा प्रकल्प संगणकावरच करा. अनेक ट्रॅकचा आवाज बोटाने नीट सांभाळता येत नाही.

रिझॉल्व्ह उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करणं. फुटेज आत घेतल्यानंतर तो बदलता येत नाही. दुसरं, लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू करणं. डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांची वीज कधी जाईल ते सांगून जात नाही. तिसरी गोष्ट अनेकांना शेवटच्या दिवशी कळते: रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट तुमच्या फोल्डरमध्ये नसतो, त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो. फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या संगणकावर गेलात तर फुटेज मिळेल, एडिट मिळणार नाही. त्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजरमधून ‘एक्सपोर्ट प्रोजेक्ट’ करा, किंवा फुटेजसकट न्यायचं असेल तर ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’. रोज काम संपल्यावर तारीख घालून एक एक्सपोर्ट ठेवायची सवय लावा.

मोबाइलच्या फुटेजमध्ये आणखी एक खोड असते. मोबाइल फ्रेम रेट कायम सारखा ठेवत नाही, प्रकाश आणि तापमानानुसार थोडा कमी-जास्त करतो. मग पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळलेले असतात आणि दहाव्या मिनिटाला आवाज पुढे निघून गेलेला असतो. मीडियाइन्फो या मोफत साधनात क्लिप उघडा. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ असं दिसलं तर एडिट सुरू करायच्या आधीच हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती ‘कॉन्स्टंट’ २५ फ्रेमवर काढून घ्या, क्वालिटी १६ ते १८ ठेवून. अर्धा एडिट झाल्यावर हे लक्षात आलं तर प्रत्येक कट हाताने सरकवावा लागतो.

लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी (एडिटपुरती फुटेजची हलकी प्रत) बनवा. मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून राइट क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. ४के ला पाव आकाराची प्रॉक्सी बहुतेक यंत्रांना झेपते. एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लॅपटॉप तापून आपला वेग आपणच कमी करतो. प्रॉक्सी आणि रेंडर रात्री किंवा पहाटे लावा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

कागदावरचा एडिट

मुलाखत टाइमलाइनवर टाकायच्या आधी ती पूर्ण ऐका आणि लिहून काढा. डावीकडे वेळ, उजवीकडे वाक्य. वीस मिनिटांच्या मुलाखतीला दोन-तीन तास लागतात आणि मुलांना हे काम नको असतं. पण इथेच फिल्म सापडते. बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द बोलतो. चार मिनिटांच्या फिल्ममध्ये बोलणं अडीच मिनिटांच्या वर नको, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम ३०० शब्दांची जागा आहे. कागदावर रंगीत पेनने ती वाक्यं निवडा, क्रम लावा, मोठ्याने वाचा.

सोलापुरात एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चारही भाषा ऐकू येतात, आणि एडिटरला त्या सगळ्या येत असतीलच असं नाही. या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही शेवटाकडेच. ‘आमची पोरं या धंद्यात यायला तयार’ इथे कट मारला तर अर्थ एक, आणि पुढचं ‘नाहीत’ ठेवलं तर बरोबर उलटा. भाषा येत नसेल तर आवाजाच्या लहरीत पोकळी दिसली म्हणून तिथे कापू नका. ती भाषा बोलणाऱ्याला शेजारी बसवा, प्रत्येक वाक्याचा शेवट टाइमलाइनवर मार्करने दाखवायला सांगा आणि कट झाल्यावर पुन्हा ऐकवा. ज्याने आपला वेळ दिला त्याच्या तोंडी त्याने न म्हटलेलं घालणं यासारखी दुसरी चूक या कामात नाही.

रफ कटपासून पिक्चर लॉकपर्यंत

निवडलेली वाक्यं आधी सरळ ओळीने लावा, वर चित्र न टाकता. डोळे मिटून ऐका. नुसत्या आवाजात गोष्ट समजत असेल तरच पुढे जा. मग मागाचे, हातांचे, धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो), घड्या घालण्याचे शॉट वर चढवा. जे बोललं जातंय तेच चित्रात दाखवण्याचा मोह आवरा. ‘धागा तुटतो’ म्हणताना तुटलेला धागा दाखवण्यापेक्षा काहीच ऐकू येऊ न देणाऱ्या खडखडाटात धागा शोधणारी बोटं दाखवली तर जास्त काही मिळतं.

मागाला स्वतःचा ठोका असतो, त्याचा उपयोग करा. आवाजाच्या लहरीत दोन ठोक्यांमधलं अंतर फ्रेममध्ये मोजा. समजा सेकंदाला दोन ठोके पडतात, तर २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ते १२-१३ फ्रेमचं अंतर झालं. सुरुवातीच्या कामाच्या भागात काही कट बरोबर ठोक्यावर मारा, मग मुद्दाम एक शॉट सहा-सात ठोके लांबवा. प्रत्येक कट ठोक्यावर मारत राहिलात तर वीस सेकंदांत कंटाळा येतो.

आवाज आणि चित्र एकाच जागी कापायची सवय लवकर सोडा. घरातली मुलाखत संपून कारखान्यात जायचं असेल तर मागाचा आवाज चित्राआधी दीड-दोन सेकंद सुरू करा. बाहेरून रेकॉर्ड केलेला तो दबका आवाज इथे लावा आणि कट पडताक्षणी आतला आवाज येऊ द्या. प्रेक्षक दारातून आत गेल्यासारखा वाटतो. याला जे-कट म्हणतात. उलट, चित्र पुढे गेलं तरी मागच्या माणसाचं वाक्य चालू राहिलं तर तो एल-कट. बोलणाऱ्याच्या तोंडाला कॅमेरा चिकटून राहिलेल्या फिल्ममध्ये हे दोन कट घातले की अर्धी फिल्म सुधारते.

स्लो मोशनबद्दल एकच सूचना: २५ फ्रेमवर शूट केलेलं फुटेज हळू केलं तर अडखळतं, कारण सॉफ्टवेअरला त्याच फ्रेम दुसऱ्यांदा दाखवाव्या लागतात. हवं असेल तर तेवढा शॉट ५० फ्रेमवर घ्या.

रफ कट झाला की विषयाची माहिती नसलेल्या तिघा-चौघांना दाखवा. आधी काही समजावू नका. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा कुठे कळलं नाही, कुठे लांबलं आणि शेवटी काय लक्षात राहिलं, एवढं विचारा. बघताना त्यांची नजर मोबाइलकडे कधी गेली ती वेळ टिपून ठेवा. ते सगळ्यात खरं उत्तर असतं.

चार जणांचा गट असेल तर कामं वाटून घेण्याआधी एकदा तेच फुटेज चौघांनी वेगवेगळं एडिट करा, प्रत्येकी दोन मिनिटं. मग एका रांगेत लावून बघा. एकाच मालातून चार वेगळी माणसं दिसतात. एडिटरच्या हातात किती ताकद असते हे सांगून पटत नाही, असं पाहिल्यावर पटतं.

फाइन कट झाला की तारीख ठरवून पिक्चर लॉक करा. त्यानंतर एकाही शॉटची लांबी बदलायची नाही. लॉक न करता आवाजाला हात घातला तर चित्रातली दोन सेकंद कमी केल्यावर दहा ट्रॅक विस्कटतात.

आवाज, मग रंग

क्रम सहसा उलटा लावला जातो, कारण रंग दिसतो आणि आवाज दिसत नाही. प्रेक्षक मात्र फिकट चित्र सहन करतो, न कळणारं बोलणं सहन करत नाही.

बोलणं एका ट्रॅकवर, वातावरणाचा आवाज दुसऱ्यावर, कामाचे आवाज तिसऱ्यावर, संगीत चौथ्यावर. बोलण्यावर ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर लावा, गुरगुर जाते. तरीही वीजतारांची गुणगुण राहिली तर ती ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, १००, १५० वर सापडते. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या आवाजाच्या विभागातला डी-हमर त्यासाठीच आहे. नॉइज रिडक्शन थोडंच वापरा. आवाज धातूसारखा वाजायला लागला की मागे या. प्रत्येक कटवर दोन-तीन फ्रेमचा फेड (आवाज हळूच चढवणं-उतरवणं) द्या, टक् टक् असे आवाज थांबतात. बोलण्याखालचा मागाचा आवाज बोलण्यापेक्षा १५-२० डेसिबलने खाली ठेवा आणि शेवटचा निर्णय हेडफोन, लॅपटॉपचा स्पीकर आणि मोबाइल या तिन्हींवर ऐकून घ्या. यूट्यूबसाठी एकूण पातळी -१४ लफ्सच्या (एकूण आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणि सर्वोच्च टोक -१ डेसिबलच्या खाली असू द्या.

संगीत कमी वापरा. गाजलेलं गाणं टाकलं की कॉपीराइटचा दावा येतो, आणि ‘श्रेय दिलं की चालतं’ हा निव्वळ गैरसमज आहे. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, किंवा ओळखीच्या हलगीवाल्याकडून, सनईवाल्याकडून लेखी परवानगीने दोन मिनिटं वाजवून घ्या.

रंगाच्या कामात आधी दुरुस्ती, मग नटवणं. वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड दाखवणारा आलेख) उघडा. काळा भाग तळाशी टेकलेला पण चिरडलेला नको, पांढरा वर कापलेला नको, चेहरा साधारण मध्याच्या आसपास. त्यानंतर शेजारचे शॉट एकमेकांशी जुळवा. चेहऱ्याचा रंग व्हेक्टरस्कोपमधल्या (रंगाची दिशा दाखवणाऱ्या गोल आलेखातल्या) त्वचेच्या रेषेजवळ येतोय का पाहा. माणूस गोरा असो की सावळा, दिशा तीच असते, फक्त उजेड बदलतो. चेहरे उजळ करत सुटू नका. चादरीचा खरा रंग जपा. लाल चादर केशरी दिसली तर कारखान्यातला माणूस पहिल्यांदा तेच बोलून दाखवेल. इंटरनेटवरून उतरवलेले सिनेमॅटिक लट (एलयूटी, रंग बदलणाऱ्या तयार फाइल) साध्या मोबाइल फुटेजवर टाकू नका. त्यातले बरेचसे लॉग (मुद्दाम फिकं शूट केलेल्या) फुटेजसाठी केलेले असतात, आणि साध्या फुटेजवर सावल्या काळ्याठिक्कर करतात.

देवनागरी अक्षरं

शीर्षक टाइप करण्याआधी ‘सिद्धेश्वर, कष्टकऱ्यांची, शक्ती, दुष्काळ’ एवढे चार शब्द टाकून बघा. ऱ्याचा अर्धा र नीट येतो का, द्ध जुळतो का, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते का ते तपासा. अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. इतरत्र सुटत नसेल तर इंकस्केपमध्ये शीर्षक करून पारदर्शक पीएनजी आणा. फॉन्ट युनिकोडच घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला तर नुसती चिन्हं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

सबटायटल दोन ओळींच्या वर नको, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तेलुगू किंवा कन्नड बोलण्याचं भाषांतर त्या माणसाला वाचून दाखवा.

तिसऱ्यासाठी गर्दी

दोन प्रकल्प पुरे झाले की मगच कार्यक्रमाला हात घाला. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज, त्यांच्याबरोबरचे पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, ‘हर्र’चा गजर हे सगळं एकदाच घडतं, रिटेक नाही. दुपारच्या उन्हात पांढरे कपडे जळून जातात, त्यासाठी झेब्रा (जास्त उजळ भागावर रेघा दाखवणारी सोय) चालू करून उजेड थोडा कमी ठेवा. दोन-तीन कॅमेरे असतील तर सगळ्यांची घड्याळं आधी जुळवा आणि सगळ्यांवर आवाज चालू ठेवा. नंतर आवाजाच्या लहरींवरून ऑटो सिंक होतं. मिरवणुकीची दिशाही सांभाळा. सगळे कॅमेरे रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर एका शॉटमध्ये नंदीध्वज डावीकडे निघतो आणि पुढच्यात उजवीकडे. दिशा बदलायचीच असेल तर मधे समोरून घेतलेला शॉट किंवा चेहऱ्यांचा क्लोजअप टाका.

बाहेर काढताना

एक मास्टर (पूर्ण दर्जाची प्रत) काढा, डीएनएक्सएचआर एचक्यू या कमी दाबलेल्या प्रकारात, आणि तो जपून ठेवा. यूट्यूबसाठी एच.२६४, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, १० ते १६ एमबीपीएस, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. एक्सपोर्ट झाल्यावर फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, हेडफोन लावून. शेवटी राहिलेली काळी फ्रेम, मधेच म्यूट झालेला ट्रॅक, न आलेलं सबटायटल असे दोष टाइमलाइनवर लक्षात येत नाहीत, फाइलमध्ये दिसतात. कॉलेजच्या सभागृहात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरात दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी तिथल्याच प्रोजेक्टरवर आणि स्पीकरवर दोन मिनिटं चालवून पाहा. प्रोजेक्टरवर सावल्या जास्त गडद दिसतात.

कॅमेऱ्यासमोर आलेल्यांसाठी ७२० ची छोटी प्रत काढा आणि त्यांच्या मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सार्वजनिक करण्याच्या आधी. एखादं वाक्य काढा म्हणाले तर काढा. त्यासाठी पिक्चर लॉक मोडावा लागला तरी चालेल. टाइमलाइनची एक प्रत करून ठेवा आणि त्या प्रतीवर बदल करा. सगळं झालं की मास्टर, प्रोजेक्ट आर्काइव्ह, परवानगीचे कागद आणि मुलाखतीची लिहून काढलेली वही एकाच फोल्डरमध्ये दोन जागी ठेवा. प्रॉक्सी आणि रेंडर कॅश पुसायला हरकत नाही, त्या पुन्हा बनतात.